आयरेसिंग या ऑनलाइन कार-रेसिंग गेमचा नवा सीझन सुरू होतोय, मी इंदूरहून रुकी (नवखा) म्हणून उतरतोय. आधी वेग वाढवू की सेफ्टी रेटिंग (गाडी किती सुरक्षित चालवतो याचे गुण)?

आधी सेफ्टी रेटिंग, भाऊ. सीझन 12 आठवड्यांचा असतो, वेग हळूहळू येतोच. ट्रॅकबाहेर गेलात की रेटिंग घटवणारा 1 पॉइंट, गाडी गरगरली की 2, दुसऱ्या गाडीशी जोरात धडक झाली की 4; आणि चूक कोणाची हे सिस्टीम बघत नाही! म्हणून पहिल्या वळणावर दोन जागा सोडाव्या लागल्या तरी सोडा.

मीही इंदूरचाच. माझे पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे सरकायचे, दर लॅपला ब्रेक वेगळा लागायचा. भिंतीला टेकवून मागे जुनी सतरंजी घातली, तेव्हा कुठे पाय बसला. आणि वाय-फाय नकोच, राउटरपासून थेट लॅन केबल ओढा.