आज तोंड आलंय, की नेहमी येतं?

प्रिय डॉक्टर,

(या हाकेला अजून मागे वळून बघत असशील. होईल सवय.)

प्रबंधाचा आराखडा वाचला. दंतरुग्णांमध्ये वारंवार तोंड येण्याचं प्रमाण किती, हा विषय मला आवडला. पण तुझ्या फॉर्मवर त्यासाठी एकच रकाना आहे: 'अल्सर: आहे / नाही'. सगळं तिथेच अडणार आहे.

हा रकाना मीही एकदा छापून घेतला होता. शिकत असताना महिनाभर खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाचे गाल-ओठ उलटून पाहिले आणि 'आहे' असलेले मोजले. आकडा इतका लहान आला की मला वाटलं, पुस्तकंच चुकली. सरांनी कागद चाळले आणि विचारलं, "बघितलंस ते ठीक, पण विचारलंस का?" त्याच दुपारी दाढ भरायला एकजण आले. तोंड स्वच्छ, माझ्या हिशेबी 'नाही'. तरी विचारलं. त्यांनी स्वतःच खालचा ओठ ओढून एक जागा दाखवली. "मागच्या आठवड्यात इथे होतं. त्याआधी जिभेखाली. दर दोन-तीन महिन्यांनी येतंच." जागेवर काही खूणही नव्हती. नसणारच. साधा ॲफ्थस अल्सर, म्हणजे तोंड येण्याचा हा नेहमीचा प्रकार, 7 ते 14 दिवसांत व्रण न ठेवता भरून येतो.

आता एक हिशेब कागदावर मांडून बघ. एखाद्याला वर्षातून चार वेळा अल्सर होतो, दर वेळी दहा दिवस राहतो. म्हणजे 365 पैकी 40 दिवस. असे शंभर जण तुझ्यासमोर बसले तर त्या दिवशी जेमतेम अकरा जणांच्या तोंडात काही दिसेल. उरलेले एकोणनव्वद तुझ्या 'नाही'त जातील. म्हणून तीन वेगळे प्रश्न हवेत: आज आहे का, गेल्या वर्षात किती वेळा झालं, आयुष्यात कधी झालं होतं का. तिन्हींची उत्तरं वेगळी येतील आणि ती एकमेकांत मिसळायची नाहीत. सर्वसाधारण लोकांत 5 ते 25 टक्के असा पल्ला पुस्तकांत सापडतो, विद्यार्थ्यांच्या काही गटांत निम्म्याच्या पुढेही. एवढी तफावत काही अंशी खरी आहे, पण बरीचशी 'कधी' हे कसं विचारलं त्यातून आलेली आहे. 'आयुष्यात कधी' यावर फार भरवसा ठेवू नकोस. लोक विसरतात, आणि ज्याला आज दुखतंय त्याला मागचं सगळं आठवतं.

दुसरी अडचण शब्दाची. 'तोंड आलंय' यात काय काय मावतं ते तुलाही माहीत आहे. नुसती आग, बुरशीचा पांढरा थर, ओठाच्या कोपऱ्यातली चीर, चावलेला गाल, सगळंच. म्हणून बोट ठेवून जागा दाखवायला सांग. ॲफ्थस अल्सर बहुधा मऊ, हलत्या त्वचेवर होतो: गाल, ओठाची आतली बाजू, जिभेची खालची बाजू. गोल, पिवळट-पांढरा तळ आणि भोवती लाल कडी. कडक टाळूवर किंवा दाताला चिकटलेल्या हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी हर्पिसचा, म्हणजे विषाणूमुळे येणाऱ्या फोडांचा, विचार कर. त्याला तुझ्या मोजणीत जागा नाही.

आणि दवाखान्यात येणारा माणूस म्हणजे सगळा समाज नव्हे. अल्सर झोंबत असताना दात साफ करायला कोण येईल? तो तारीख पुढे ढकलतो. उलट एखादा केवळ त्यासाठीच येतो. वयही लिही. हा त्रास बहुतेकांना लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो आणि वय वाढेल तसा कमी होतो, त्यामुळे तुझ्या यादीत कॉलेजची मुलं जास्त असतील तर आकडा आपोआप फुगेल.

काही अल्सर तर आपणच देतो, हे कुणी उघडपणे बोलत नाही. गालाला चिकटलेला कापसाचा रोल ओला न करता ओढला की खालचा पापुद्रा निघतो. ज्याचं तोंड मुळातच नाजूक, त्याला भुलीच्या सुईच्या टोचणीवरही दोन दिवसांनी अल्सर होतो. म्हणून 'गेल्या पंधरवड्यात दातांचा काही उपचार?' हाही रकाना घाल. तंबाखूचाही घाल, पण उत्तर उलटं आलं तर दचकू नकोस. धूम्रपान करणाऱ्यांत हे अल्सर कमी दिसतात आणि सोडल्यावर काहींना सुरू होतात. अशा माणसाला धीर दे, नाहीतर तो पुन्हा सिगारेटकडे वळेल.

कारणांची लांबलचक यादी नको. लोह, बी-12, फोलेट यांची कमतरता, घरात आणखी कुणाला होतं का, चालू औषधं, एवढं पुरे. मात्र सोबत डोळे लाल होणं किंवा जननेंद्रियावर जखमा असं कुणी सांगितलं, तर फॉर्म बाजूला ठेव आणि त्यांना फिजिशियनकडे पाठव. तुर्की त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी 1937 मध्ये हीच तीन लक्षणं एकत्र मांडली होती. आणि एकाच जागी तीन आठवडे ठाण मांडून बसलेला अल्सर 'वारंवार होणारा' नव्हे. टोचणाऱ्या दाताचं टोक घासून गुळगुळीत केल्यावरही तो हटला नाही तर बायोप्सी. तिथे जेल लिहून देऊन वाट बघायची नाही.

फॉर्म दुरुस्त केलास की आधी फक्त वीस रुग्णांचा भर. ते कागद टाइप न करता हाताने भरलेलेच माझ्याकडे पाठव. खाडाखोड कुठे झाली, ते मला बघायचंय.

तुझी,
मॅडम