राणीचा हार आणि मागून आणलेला हार

प्रश्न : ताई, मी खानापूरची, बेळगावात बीएला आहे. आम्हाला फ्रेंच लेखक मोपासांची नेकलेसची गोष्ट आहे. वर्गातली एकजण म्हणतीय, फ्रान्सची राणी मेरी अँटोनेट ज्यात बदनाम झाली तोच हा हार. खरं काय? आणि राणीनं तो घेतला होता का?

उत्तर : अगं नाही, मध्ये शंभर वर्षं आहेत बघ! गोष्ट १८८४ची, राणीचं प्रकरण १७८५चं आणि खरंच घडलेलं. पॅरिसच्या दोन सराफांनी सहाशेच्यावर हिऱ्यांचा हार घडवला होता, राजा पंधरावा लुई त्याच्या लाडक्या मादाम द्यु बारीसाठी घेईल म्हणून, तर १७७४ला तो देवी येऊन वारला आणि माल सराफांकडंच पडून राहिला. राणीला दाखवला, ती नको म्हणाली. मग जान द ला मोत नावाच्या बाईनं कार्दिनाल, म्हणजे चर्चचा मोठा धर्मगुरू, रोआँला पटवलं की राणीला हार गुपचूप पाहिजे, तुम्ही मध्ये पडा, आणि व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत रात्री अंधारात राणीसारखी दिसणारी एक पोरगी उभी केली, त्यानं विश्वास ठेवला आणि सोळा लाख लिव्हरला (तेव्हाचं फ्रेंच चलन) सौदा ठरवला. कागदावर सही होती 'मारी आंत्वानेत द फ्रान्स', आणि तिकडं राण्या नुसतं नाव लिहायच्या, पुढं 'द फ्रान्स' लावायच्या नाहीत! एवढा दरबारी माणूस, त्याला ते कळायला पाहिजे होतं. हार त्या बाईच्या हाती पडला, तिनं आणि तिच्या माणसांनी हिरे सुटे करून विकून टाकले. पुढं रोआँ कोर्टात सुटला, त्या बाईला फटके आणि तापल्या लोखंडाचे डाग बसले, पण लोक राणीलाच नावं ठेवत राहिले, जिनं हार घातलासुद्धा नाही. मला तिचं फार वाईट वाटतं.

गोष्टीतली माथिल्द मैत्रिणीचा हार मागून घालते, तिचं मात्र वेगळं. शहापूरला एका लग्नात माझ्या आईनं शेजारच्या काकूंची बोरमाळ मागून घातलेली, गर्दीत एका मण्याला पोचा पडून आतली लाख दिसायला लागली. आई त्याच रात्री माळ पदरात धरून त्यांच्या दारात गेली, रडली, काकू म्हणाल्या आधी आत ये की. माथिल्द काय करते? हार हरवला तर मैत्रिणीला लिहिते, कडी तुटलीय, दुरुस्तीला दिलाय. ते पत्र नीट वाच, सगळं तिथंच फिरतं बघ. मग ३६,००० फ्रँकचा नवा हार, १८,००० नवऱ्याच्या वडिलांचे आणि बाकी सगळं कर्ज, दहा वर्षं भांडी घासून फेडलं, आणि मूळचा हार खोटा, फार तर ५०० फ्रँकचा.

मोपासांचीच १८८३ची दागिन्यांची गोष्टपण मिळाली तर वाच. त्यात उलटं आहे, नवरा खोटे समजत होता ते दागिने बायको गेल्यावर खरे निघतात, आणि ते कुणी दिले असतील हे त्याला सराफाच्या दुकानातून बाहेर पडल्यावर रस्त्यात कळतं.