सत्र न्यायालयातलं ‘सत्र’

प्रश्न असा आहे: शाळेचं सत्र सुरू होतं, संपतं. सत्र न्यायालय तर बारमाही चालतं. मग हे ‘सेशन’चं आंधळं भाषांतर म्हणायचं का, आणि त्याऐवजी ‘गंभीर गुन्हे न्यायालय’ का म्हणू नये?

भाषांतर आहे, आंधळं नाही. इंग्रजी अमदानीत गंभीर गुन्ह्यांचं कोर्ट रोज भरायचंच असं नव्हतं; नेमलेल्या दिवसांत त्याची बैठक, म्हणजे सेशन, भरे. मॅजिस्ट्रेट आधी चौकशी करायचा, पुरावा दिसला तर आरोपीला ‘सेशन कमिट’ करायचा, म्हणजे खटल्यासाठी सेशनकडे पाठवायचा. जिल्ह्यात दिवाणी दावे ऐकणारा न्यायाधीशच सेशन जज्ज असे. खुर्ची तीच, काम वेगळं. (‘जिल्हा व सत्र न्यायाधीश’ हे जोडनाव त्यातलंच.) मुंबई शहरात मात्र खुद्द हायकोर्टाची क्रिमिनल सेशन्स भरत. कोणत्या न्यायमूर्तींनी एकट्यानं बसायचं, कोणी जोडीनं, हे ठरवणं १८६१च्या हायकोर्टांच्या कायद्यानं मुख्य न्यायमूर्तींकडे दिलं होतं. सेशनचे दिवस नेमणंही १८९८च्या फौजदारी संहितेत त्यांच्याचकडे आलं. टिळकांना २४ जून १९०८ला अटक झाली आणि १३ जुलैला न्या. दावरांपुढे खटला सुरू झाला, तो अशाच एका सेशनमध्ये. १९४८मध्ये शहराचं स्वतंत्र दिवाणी व सत्र न्यायालय आलं. हंगामी बैठक कायमची झाली, नाव तेवढं जुनं राहिलं.

आता शब्दाकडे, कारण खरी गंमत इथं आहे. ‘सत्र’ मूळचं ‘सत्त्र’, सद् म्हणजे बसणे या धातूपासून. बरेच दिवस चालणाऱ्या सोमयागाला सत्त्र म्हणत. अन्नसत्रातलं सत्रही तेच. आणि ‘सेशन’ ज्या लॅटिन धातूतून आला त्याचाही अर्थ बसणे. तो आणि सद् हे एकाच मूळ धातूचे वंशज! भाषांतर करणाऱ्याला हे नातं ठाऊक होतं की नुसतं जमून गेलं, कोण जाणे. त्याहून मजा म्हणजे आपल्या जुन्या कागदांतला ‘इजलास’ (कोर्टाची बैठक) अरबीतून आला, तोही बसण्याच्याच धातूतून. मजलिस त्याची बहीण. म्हणजे संस्कृत, लॅटिन, अरबी, कोणाचंही बोट धरा, न्यायाधीश बसल्याशिवाय कोर्ट होत नाही.

प्रश्नकर्त्यांनी सुचवलेलं ‘गंभीर गुन्हे न्यायालय’ मला पटत नाही. सत्र न्यायालयात मॅजिस्ट्रेटच्या निकालांवरची अपिलंही चालतात, ती या नावात बसत नाहीत. शिवाय ‘खटला सेशनला गेला’ हे इतकं रुळलंय की नवं नाव फक्त पाटीवरच राहील.