वाचकांचे प्रश्न : फवारणीची पाहणी आणि परत आलेला लेख

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांच्या तक्रारींची पाहणी करून लिहिलेला माझा लेख ‘पद्धत अस्पष्ट’ या शेऱ्यासह परत आला. प्रत सोबत जोडली आहे. काय राहिले?

उत्तर : आपण कोणताही उपचार न योजता जे आढळले ते नोंदवले, म्हणजे हे निरीक्षणात्मक संशोधन आहे. अशा लेखनासाठी २००७ साली ‘स्ट्रोब’ नावाची २२ मुद्द्यांची सूची प्रसिद्ध झाली; ती समोर ठेवून लेख पुन्हा लिहावा.

आपल्या प्रतीत ‘गावातील मजूर तपासले’ एवढेच वाक्य आहे. ते कसे निवडले, पात्र किती होते, किती जण आले नाहीत आणि का, हे कुठेच नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. सकाळी दहाला केंद्रात बोलावले, तर त्या वेळी पाठीवर पंप घेऊन शेतात उभा असलेला माणूस येणार नाही. रोज फवारणारेच असे सुटले, तर त्रास आहे त्याहून कमी दिसेल. पाहणीचे महिनेही लिहावेत.

मजुरांनी सांगितलेली चक्कर उन्हाने, उपाशीपोटी राहिल्याने किंवा खर्ऱ्यानेही (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणानेही) येते. त्याची विचारपूस केली होती का, हे स्पष्ट सांगावे. केली नसल्यास ती उणीव मर्यादांमध्ये मोकळेपणाने मांडावी. शिवाय एकाच वेळच्या पाहणीवरून कारण ठरवता येत नाही, म्हणून ‘फवारणीमुळे झाले’ असे न लिहिता ‘फवारणी करणाऱ्यांमध्ये आढळले’ असे लिहावे.