नव्याने डबा करणाऱ्याला

आधी एक सांगतो, पहिल्याच आठवड्यात किन्वा आणि ॲव्होकॅडोच्या मागे धावू नकोस. मटकी आण. रात्री भिजव, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांध आणि संध्याकाळी घरी आल्यावर गाठोडं उघडून बघ. मुंबईच्या दमट हवेत मोड भराभर येतात. मात्र पावसाळ्यात फडकं चिकट लागलं किंवा आंबूस वास आला तर सरळ टाकून दे. मी एकदा 'चालतंय' म्हणत त्याचीच उसळ केली होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो नाही, एवढंच सांगतो.

फोडणीचं तेल बाटलीतून ओतू नकोस, चमच्याने मोज. दोघांच्या उसळीला दोन छोटे चमचे पुरतात. ज्वारीची भाकरी थापताना फाटेल, पीठ जुनं असेल तर हमखास. उकळत्या पाण्यात उकड काढून मळ, सावरते.

बाहेर तर खायचंच! वांद्रे, लोअर परळला सारखं काहीतरी नवं उघडत असतं. पण पहिल्याच आठवड्यात जाऊ नकोस, त्यांच्या स्वयंपाकघराची घडी बसू दे. जाताना घरीच काकडी खाऊन, ताक पिऊन निघ, नाहीतर स्टार्टर्समध्येच पोट भरतं. मखमली ग्रेव्हीत बहुधा काजू आणि लोणी असतं. दोघांत एकच मागवा. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांग. तो सक्तीचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. जीएसटी मात्र भरावाच लागतो. आणि उरलेलं बांधून घे, लाजायचं काय त्यात?