370झेड: प्रॉपेलर शाफ्ट राहू द्या, आधी टायर तोला

निसानची मॅन्युअल गिअरची स्पोर्ट्स कार 370झेड, इनटेक-एक्झॉस्ट बदललेले आणि रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग) झालेला, आता ड्राइव्हट्रेन, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारे भाग, हलकी करायची, तर सुरुवात कार्बन फायबरच्या प्रॉपेलर शाफ्टने (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याने) करू का, हा तुमचा प्रश्न. एकदा गाडीखाली वाकून बघा. निसानने या गाडीला कार्बन फायबरचाच शाफ्ट दिलाय, आधीच्या 350झेडलाही होता. कार्बन काढून कार्बन बसवण्यासाठी पैसे घालवायचे असतील तर तुमची मर्जी.

तो लोखंडी असता तरी मी आधी त्याला हात लावला नसता. फिरणाऱ्या भागाचं वजन नुसतं काट्यावर बघून चालत नाही. ते आसापासून किती लांब आहे आणि चाकाच्या किती पट वेगाने फिरतंय, या दोन्हींचा वर्ग करावा लागतो. शाफ्ट बारीक असतो. साडेतीन सेंटिमीटर त्रिज्येच्या शाफ्टमधून 4 किलो काढले, तर तेवढं वजन उतरतं हे खरं, पण फिरण्यातला जादा फायदा जेमतेम अर्धा-पाऊण किलोचा.

फ्लायव्हीलची, म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधल्या जड चाकाची, गोष्ट वेगळी. समजा, 28 सेंटिमीटर व्यासाची 10 किलोची सपाट तबकडी काढून त्याच व्यासाची 5 किलोची बसवली. तुमच्या गाडीत पहिल्या गिअरला इंजिन चाकाच्या साधारण 14 पट फिरतं, त्यामुळे गाडी 90 किलोच्या आसपास हलकी झाल्यासारखी उसळते. चौथ्यात हाच फायदा 10 किलोवर येतो, सहाव्यात 4 वर. म्हणजे एक्सप्रेसवेवर काही कळणार नाही, कात्रजच्या जुन्या घाटात दुसऱ्या-तिसऱ्यात मात्र मजा येईल. पॉवर एक घोडाही वाढत नाही. इनर्शिया डायनोवर (जड रोलर फिरवायला लावून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर) आकडा थोडा वर दिसला म्हणून पेढे वाटू नका.

आता किंमत, आणि ती फक्त रुपयांत नाही. कंपनीचं फ्लायव्हील ड्युअल-मास, म्हणजे स्प्रिंगने जोडलेल्या दोन तबकड्यांचं आहे, इंजिनाचे हादरे ते पोटात घेतं. हलकं सिंगल-मास, म्हणजे एकाच तबकडीचं, टाकलं की न्यूट्रलला क्लच सोडल्यावर गिअरबॉक्स खडखडतो, आणि संध्याकाळी पुण्यातल्या विद्यापीठ चौकात पुढची पीएमपी बस इंचाइंचाने सरकत असताना तुमची गाडी बंद पडायला लागते. हिंजवडीला रोज हीच गाडी नेता म्हणालात. मी असतो तर नसतं टाकलं. रविवारचीच गाडी असती तर विचार केला असता.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. भोसरीत कुणीतरी तुम्हाला सांगेलच, 'साहेब, आहे तेच फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करून देतो.' 7,500 आरपीएमला त्या तबकडीची कड ताशी 395 किलोमीटरच्या आसपास धावत असते. ती फुटली तर तुकडे बेलहाउसिंग (फ्लायव्हील-क्लचवरचं कवच) फोडून पायांशी येतात. घ्यायचंच तर बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेल्या) स्टीलचं किंवा स्टीलची घर्षण-चकती असलेलं अॅल्युमिनियमचं, एसएफआय 1.1 (रेसिंगच्या भागांचं सुरक्षा मानक) प्रमाणित. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर बेलहाउसिंगमधला क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पायलट बेअरिंग आणि बोल्टही नवे टाका. क्लच प्लेट स्प्रिंगवाली हवी, कारण हादरे घेणारं दुसरं काही उरत नाही.

मग पैसे कुठे घालायचे? टायरमध्ये. ट्रेडजवळचा (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाजवळचा) 1 किलो कमी झाला की वेग घेताना तो जवळपास 2 किलोंसारखा वागतो, आणि तोही प्रत्येक गिअरमध्ये. शिवाय सस्पेन्शनवरचा भार कमी होतो तो वेगळाच. एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या टायरांत किलो-दीड किलोचा फरक सहज निघतो, म्हणून दुकानात काटा मागा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. रिम हलक्या घ्यायच्या तर फोर्ज्डच (दाबून घडवलेल्या). स्वस्तातल्या हलक्या कास्ट (साच्यात ओतलेल्या) रिम आपल्या पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तडकतात. 19 इंचावरून 18 वर येता आलं तर उत्तम, फक्त पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला जागा मिळते का ते आधी रिम लावून तपासा.

फ्लायव्हीलचा विषय क्लच घसरायला लागेपर्यंत पुढे ढकला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी तेव्हा द्यावी लागणारच आहे.