अपर, न्यू आणि अ‍ॅनेक्स: पुण्यात घर घेताना

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचं म्हणणं एकच, पुण्यात घ्यायचंय, कुठं घेऊ. मी एजंट आहे, फ्लॅट विकले गेले तर माझं घर चालतं, तेवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न: दादा, आम्ही दोघं आयटीत, ह्यांचं ऑफिस हिंजवडीला आणि माझं खराडीला. सध्या वाकडला भाड्याने राहतो. बजेट ८५ लाख, टू बीएचके हवाय. एक ब्रोकर "अपर खराडी"त नवीन स्कीम दाखवतोय, १,०५० स्क्वेअर फूट, रेट ७,५००. खराडीच्या मानाने स्वस्त वाटतंय, घ्यावा का? (एक वाचक, वाकड)

उत्तर: ताई, अपर खराडी म्हणजे वाघोली. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे, ज्या एरियाचा रेट चढा असेल त्याचं नाव शेजारच्या गावाला चिकटवायचं. उंड्रीचं एनआयबीएम अ‍ॅनेक्स झालं, सूसचं बाणेर अ‍ॅनेक्स झालं, आणि ब्रोशरवर नकाशा असा काढतात की सगळं पाच मिनिटांवर. वाघोली वाईट नाही हो, माझेच कस्टमर तिथं मजेत राहतायत, पण वाघोलीत घ्यायचं तर वाघोलीचे पैसे द्या, खराडीचे कशाला? गाव महापालिकेत आलं २०२१ ला, २३ गावं एकदम घेतली तेव्हा. पण पालिकेत आलं म्हणून लगेच नळाला पाणी आलं असं होत नाही. तुमची स्कीम नवीन आहे, तिथं कोणी राहत नाही, म्हणून शेजारच्या जुन्या सोसायटीत जा, कुणाची तरी ओळख काढा आणि मेंटेनन्सचा वर्षाचा हिशेब बघायला मागा. त्यात टँकरचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. मे महिन्याचा आकडा बघितलात की एरिया कळला. हिशेब कोणी दाखवेना तर सकाळी सहाला गेटवर चहा घेत उभं राहायचं आणि किती टँकर आत वळतात ते बघायचं, वॉचमनला विचारलं तर तो सेल्सवाल्यापेक्षा खरं सांगतो.

आता रेट. १,०५० गुणिले ७,५०० म्हणजे ७८ लाख ७५ हजार. पण हे १,०५० सेलेबल आहे, म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा, मी पैजेवर सांगतो. रेरा हा घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे महाराष्ट्रात त्याचं प्राधिकरण महारेरा आलं त्या मे २०१७ पासून, विक्री कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, करायची असते आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेटच लिहितात, तरी तोंडी बोलताना सेलेबलचा रेट सांगायची सवय जात नाही कारण आकडा लहान दिसतो. कार्पेट विचारा. समजा ७४० निघाला, तर रेट झाला साडेदहा हजारांच्या वर! मग स्वस्त कुठं राहिलं? दोन स्कीम ताडून बघायच्या तर दोन्हीकडचा कार्पेटचाच रेट काढायचा, बाल्कनी वेगळी मोजायची.

आणि ८५ लाख बजेट म्हणजे ८५ चा फ्लॅट नाही, हे कितीतरी जण टोकन दिल्यावर मला विचारतात. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, पुण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रो सेस वगैरे धरून ७ टक्के, रजिस्ट्रेशन ३० हजार. म्हणजे ७५ चा फ्लॅट ८४ च्या पुढे जातो. घर फक्त तुमच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट मिळते, ह्यांचं नाव लावलं की गेली, आता ते घरात बसून ठरवा. अजून एक, कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, कर्ज ७५ लाखांच्या वर गेलं की ७५ टक्केच, आणि स्टॅम्प ड्युटीला बँक पैसे देत नाही.

तुमच्या दोन ऑफिसांचं म्हणाल तर वाघोली घेतलीत की ह्यांचा रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रवास. मी तुमच्या जागी असतो तर कासारवाडी, पिंपळे गुरव, दापोडी हा पट्टा बघितला असता. तिथून हिंजवडी जमतं, आणि तुम्ही मेट्रोने सिव्हिल कोर्टला बदलून रामवाडीला उतरायचं, पुढे खराडीला रिक्षा. पट्टा जुना आहे, स्विमिंग पूल वगैरे कमीच मिळेल. पण बघायला रविवारी जाऊ नका, रविवारी सगळं पुणं रिकामं वाटतं. मंगळवारी सकाळी नऊला निघून बघा.

प्रश्न: कोथरूडला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळतोय, लिफ्ट नाही. मालक म्हणतात दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट होणार, मोठा फ्लॅट मिळेल, म्हणून भाव वाढवून मागतायत. (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर: काका, दोन वर्षांत होणार हे मी काही बिल्डिंगांबद्दल मुलं शाळेत होती तेव्हापासून ऐकतोय, आता त्यांची लग्नं झाली. तीन गोष्टी बघा. एक, जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स किंवा डीम्ड कन्व्हेयन्स झालंय का, प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं आहे. अजून मूळ बिल्डरचंच असेल तर घाई नको. दुसरं, टेप घेऊन समोरचा रस्ता मोजा, ९ मीटरपेक्षा कमी भरला तर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही आणि बिल्डरला मग गणित परवडत नाही, मोठा फ्लॅट विसरा. तिसरं, सर्वसाधारण सभेच्या मिनिट्स वाचा, म्हणजे भांडणं कुणाकुणाची आहेत ते समजेल. भाव ठरवताना आजचा, लिफ्ट नसलेला, गुडघ्यांना परवडेल असा फ्लॅट धरा. नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्च आहे, त्यात इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, निघतो, त्याच गल्लीत खरेदीखतं कितीला झाली ते तुम्हीच बघू शकता. आणि ट्रान्सफरला सोसायटी २५ हजारांच्या वर प्रीमियम मागत असेल तर तसं मागता येत नाही, हे आदबीने सांगायचं.

प्रश्न: सिंहगड रोडला नदीजवळ पहिल्या मजल्यावर फ्लॅट फारच कमी भावात आहे. काही गडबड असेल का? (एक वाचक, धायरी)

उत्तर: गडबड नदीची आहे ताई. जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा एकतानगरी भागात घरांत पाणी शिरलं, बातम्या तुम्हीही बघितल्या असतील. पूररेषेचा नकाशा बघून घ्या, निळ्या रेषेच्या, म्हणजे नेहमीच्या पुराच्या हद्दीच्या, आत असेल तर विषय संपला, निळ्या आणि लाल, म्हणजे मोठ्या पुराच्या, रेषेच्या मधे असेल तर भाव अजून पाडा किंवा सोडून द्या. कागद बघायच्या आधी पार्किंगमध्ये जा. लाइटच्या मीटरची पेटी कमरेच्या उंचीवरून डोक्याच्या वर नेलेली दिसली, खाली जुन्या पेटीच्या खुणा आणि भिंतीवर अर्ध्यापर्यंतच ताजा रंग, तर कुणाला काही विचारायची गरज नाही.

प्रश्न: ब्रोकर म्हणतो आजच एक लाख कॅश टोकन द्या, नाहीतर उद्या दुसरी पार्टी येतेय. देऊ का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर: नको. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. चेकने किंवा यूपीआयने द्या, मालकाच्या नावावर, ब्रोकरच्या नाही, आणि पैसे कधी परत मिळतील ते कागदावर लिहून घ्या. नवीन स्कीम असेल तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. एजंटचा महारेरा नंबर मागायलाही लाजू नका, स्कीममधले फ्लॅट विकायचे तर नोंदणी लागतेच, नंबर मागितला की राग येणारा एजंट असेल तर दुसरा शोधा. आणि ती उद्याची पार्टी खरोखर आली तर येऊ द्या, त्याच गल्लीत अजून चार फ्लॅट विकायला असतात.